स्त्रियांचा मताधिकार : कायद्यातला आणि यादीतला

स्त्रियांच्या मताधिकाराचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते. इंग्लंड-अमेरिकेतल्या स्त्रियांना मतासाठी मोर्चे काढावे लागले, तुरुंगात जावे लागले. भारतीय स्त्रीला मात्र राज्यघटनेने तो हक्क आपोआप दिला. समारंभातील भाषणांत हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाते. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या बाईला त्यातला 'आपोआप' हा शब्द फार खटकतो. शासनाच्या व्यवहारात आपोआप काहीच होत नाही. कोणीतरी मागणी करते, कोणीतरी नकार देते, कोणीतरी फाइलवर टिपणी लिहिते, आणि शेवटी एक कारकून किंवा शिक्षक एका दारावर जाऊन एका कागदावर एक नाव लिहितो. यातला शेवटचा दुवा निसटला तर आधीचे सगळे व्यर्थ ठरते.

स्त्रियांचा मताधिकार आपल्याकडे दोनदा मिळवावा लागला, असे माझे मत आहे. एकदा कायदेमंडळात आणि दुसऱ्यांदा मतदार यादीत. पहिल्या लढ्याचा इतिहास थोडाफार लिहिला गेला. दुसरा लढा कोणाच्या लक्षात राहिलेला नाही, आणि तो अजून संपलेलाही नाही. भिलाईसारख्या, बाहेरून आलेल्या माणसांनी वसवलेल्या गावात राहताना हे अधिक प्रकर्षाने जाणवते. म्हणून महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांसमोर हा विषय मांडत आहे.

मागणी आणि नकार

१८ डिसेंबर १९१७ रोजी मद्रास येथे सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे एक शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले. जगात तोवर मोजक्याच देशांनी स्त्रियांना मत दिले होते. न्यूझीलंडने १८९३ साली दिले होते, पण खुद्द ब्रिटनमध्ये तीस वर्षांवरील काही स्त्रियांना ते मिळायला १९१८ उजाडायचे होते. शिष्टमंडळाची मागणी साधी होती : नव्या सुधारणांत जेव्हा जनतेला मताधिकार द्याल तेव्हा जनता या शब्दात स्त्रियाही धरा.

पुढच्याच वर्षी मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या विशेष अधिवेशनात स्त्रियांच्या मताधिकाराचा ठराव आला आणि तो संमत झाला. म्हणजे देशातील प्रमुख राजकीय संस्थेची संमती होती. नकार आला तो सरकारकडून. मताधिकाराचा तपशील ठरवण्यासाठी लॉर्ड साउथबरो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. स्त्रियांना मत देणे तत्त्वतः चूक आहे, असे या समितीने म्हटले नाही. तिचे म्हणणे असे की, हिंदुस्थानातील सामाजिक परिस्थिती पाहता ही मागणी अकाली आहे. बऱ्याच समाजांत पडदा आहे तोवर असा मताधिकार प्रत्यक्षात उतरणे कठीण.

वाचकांनी या युक्तिवादाचे रूप नीट पाहावे. हक्क नाकारायचा नाही, पण अंमलबजावणी अवघड म्हणून पुढे ढकलायचा. मी नोकरीत असताना असा शेरा असंख्य फाइलींवर वाचला आहे. तत्त्वावर वाद घालता येतो, पण 'व्यवहार्य नाही' या दोन शब्दांपुढे समोरचा माणूस हतबल होतो, कारण व्यवहार काय ते ठरवणारे आपणच असतो.

मुंबईच्या स्त्रिया मात्र हतबल झाल्या नाहीत. तेथील स्त्री-संस्थांच्या वतीने हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन १९१९ साली लंडनला गेल्या, संसदीय समितीपुढे म्हणणे मांडले आणि तेथील स्त्री-संघटनांना आपल्या बाजूला वळवले. हीच मिठन पुढे बॅरिस्टर झाली आणि मुंबई उच्च न्यायालयातील पहिली स्त्री वकील म्हणून ओळखली गेली. या खटपटीतून १९१९ च्या कायद्यात एक फट निर्माण झाली. संसदेने स्वतः मत दिले नाही, पण प्रत्येक प्रांताच्या कायदेमंडळाला ठराव करून स्त्रियांवरील बंदी उठवण्याची मुभा दिली. म्हणजे लंडनने निर्णय टाळून तो खालच्या कचेरीकडे पाठवला. 'योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित' हा आपल्या ओळखीचा प्रकार !

त्यामुळे एक लढा जिंकायचा होता, तेथे प्रांतागणिक अनेक लढे लढावे लागले. मद्रासने १९२१ साली ठराव केला. त्याच वर्षी मुंबईनेही केला. मुंबई इलाख्यातील चळवळीत रमाबाई रानडे आघाडीवर होत्या. पुण्याच्या सेवासदनाचे काम त्या पाहतच होत्या आणि मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी पुण्यात रान उठवले होते. आपण त्यांना बहुधा न्यायमूर्तींच्या पत्नी आणि आठवणी लिहिणाऱ्या लेखिका म्हणून ओळखतो. मतासाठी सभा घेणाऱ्या, अर्ज-विनंत्या करणाऱ्या रमाबाई आपल्या पाठ्यपुस्तकांत फारशा येत नाहीत.

नागपूर, दुर्ग आणि एक रिकामी जागा

भिलाई तेव्हा दुर्ग जिल्ह्यातले एक खेडे होते, आणि दुर्ग जिल्हा नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. या प्रांताने स्त्रियांना मत दिले ते १९२७ साली, मुंबईनंतर सहा वर्षांनी. १९२८ मध्ये नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांची प्रांतिक कायदेमंडळावर सरकारने नेमणूक केली. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या वेळी त्यांनी ती जागा सोडली. पुढे १९३७ च्या निवडणुकांनंतर त्या मध्य प्रांत-वऱ्हाड विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. अध्यक्षपदावर होते दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त, ज्यांच्या अध्यक्षतेखाली पुढे भारतीय राज्यघटनेचा हिंदी अनुवाद तयार झाला. एक मराठी स्त्री आणि एक छत्तीसगढी वकील एकाच सभागृहाचा कारभार पाहत होते. आज भिलाईतला मराठी माणूस आणि नागपूरचा मराठी माणूस ही दोन वेगळ्या राज्यांतली माणसे आहेत. तेव्हा त्यांचे एकच सभागृह होते. स्वातंत्र्यानंतर अनसूयाबाई १९५२ आणि १९५७ साली नागपुरातून लोकसभेवर निवडून गेल्या.

हा इतिहास वाचताना बरे वाटते; परंतु प्रशासकाने सभागृहातील खुर्चीबरोबर यादीकडेही पाहिले पाहिजे. १९२७ च्या ठरावाने मध्य प्रांतात स्त्रियांवरील बंदी उठली, पण मत देण्यासाठी मालमत्ता किंवा कराची अट पुरुषांप्रमाणेच कायम राहिली. जमीन, घर, कर हे सगळे कोणाच्या नावावर असे ? अर्थातच पुरुषांच्या. स्त्री असणे ही अपात्रता गेली, पण स्वतःच्या नावावर काही नसणे ही अपात्रता राहिली. समान अट असमान माणसांना लावली की निकाल असमान येतो. ठराव झाला आणि यादी जवळजवळ रिकामीच राहिली.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९३२ च्या लोथियन समितीने आणि त्यानंतर १९३५ च्या कायद्याने वेगळा मार्ग काढला. मालमत्तेच्या आधारे मत असलेल्या पुरुषाच्या पत्नीला मत, आणि साक्षर स्त्रीला मत. त्यामुळे मतदार स्त्रियांची संख्या सुमारे ६० लाखांवर गेली. परंतु अखिल भारतीय महिला परिषदेने हा 'पत्नी म्हणून मत' प्रकार आवडीने स्वीकारला नव्हता. १९२७ साली पुण्यात जिचे पहिले अधिवेशन बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई यांच्या अध्यक्षतेखाली झाले, तीच ही परिषद. तिची मागणी प्रौढ मताधिकाराची होती. नवऱ्याच्या सातबाऱ्यावर उभे असलेले मत हे स्त्रीचे मत नव्हे, ही तिची भूमिका होती आणि ती शंभर टक्के बरोबर होती.

त्यातही एक मेख होती. पुरुषांची नावे सरकारी दप्तरांवरून कारकून स्वतःच यादीत घेत, तर या नव्या स्त्री मतदारांना अनेक प्रांतांत नाव नोंदवण्यासाठी अर्ज करावा लागे. का ? तर सगळ्या बायकांची नावे घरोघरी जाऊन गोळा करणे प्रशासनाला जिकिरीचे वाटत होते. पुन्हा तेच : हक्क मान्य, पण तो अमलात आणण्याचे ओझे जिला हक्क मिळाला तिच्याच डोक्यावर.

अठ्ठावीस लाख

घटना समितीने एका फटक्यात हे सगळे पुसून टाकले. अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला. त्याच्या आधीचा अनुच्छेद ३२५ मला त्याहूनही मोलाचा वाटतो, कारण तो यादीविषयी बोलतो : प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण मतदार यादी असेल आणि धर्म, वंश, जात, लिंग यांच्या कारणावरून कोणालाही त्या यादीतून वगळता येणार नाही. घटनाकारांना यादीचे महत्त्व कळले होते. ऑर्निट शानी या अभ्यासिकेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तपशीलवार दाखवले आहे की, प्रौढ मताधिकारावरील यादी बनवण्याचे काम घटना अमलात येण्यापूर्वीच, १९४७-४८ पासून सुरू झाले होते. काही वर्षांपूर्वी 'बायकांची नावे गोळा करणे अशक्य' असे लिहिणारी नोकरशाहीच आता तेच काम करू लागली. वरून स्पष्ट आदेश आला आणि काम आपलेच आहे हे मान्य झाले की अशक्य गोष्ट शक्य होते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मात्र नावे गोळा करायला गेलेल्या माणसांना दारात एक अनपेक्षित उत्तर मिळाले. अनेक ठिकाणी बाईचे नाव सांगितलेच गेले नाही. परक्या पुरुषाला घरातल्या बाईचे नाव सांगायचे नाही ही रीत. त्यामुळे यादीत 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशा नोंदी झाल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य करण्यास नकार दिला. मतदार म्हणजे स्वतंत्र नाव असलेली व्यक्ती, कोणाची तरी नातेवाईक नव्हे. बिहारमध्ये त्यासाठी महिनाभर मुदत वाढवून दिली आणि तिचा उपयोगही झाला. तरीही देशातील सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळपास २८ लाख स्त्रियांनी आपले खरे नाव सांगितले नाही, आणि त्यांच्या नोंदी वगळाव्या लागल्या. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश येथे हे प्रमाण मुख्यतः होते.

सेन यांच्या या निर्णयाचे कौतुक नेहमी होते आणि ते योग्य आहे. त्यांनी तडजोड केली असती तर 'अमक्याची बायको' ही नोंद पुढची पन्नास वर्षे चालू राहिली असती. परंतु या निर्णयाची किंमत कोणी मोजली, हाही प्रश्न विचारायला हवा. दारात नाव विचारणारा गणक पुरुष, उत्तर देणारा सासरा किंवा दीर. आणि देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत गेले ते आत चुलीपाशी बसलेल्या बाईचे. तिला कोणी विचारले होते की नाही, तेही यादीवरून कळत नाही. तत्त्व बरोबर होते. पण ते तिच्यापर्यंत पोहोचवण्याची यंत्रणा अपुरी पडली, आणि यंत्रणेच्या अपुरेपणाची शिक्षा तिला झाली. बाईनेच बाईला जाऊन विचारले असते तर या २८ लाखांतली कितीतरी नावे वाचली असती, असे मला वाटते.

ज्या भागात आज भिलाई आहे तेथील एका स्त्रीची कथा येथे सांगण्यासारखी आहे. छत्तीसगढच्या पहिल्या स्त्री खासदार मिनीमाता. चहाच्या मळ्यांत कामाला गेलेल्या छत्तीसगढी कुटुंबात, आसामात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव मीनाक्षी. सतनामी समाजाचे गुरू आणि खासदार अगमदास यांच्याशी विवाह होऊन त्या छत्तीसगढात आल्या. पतीच्या निधनानंतर १९५५ च्या पोटनिवडणुकीत बिलासपूर-दुर्ग-रायपूर या मतदारसंघातून त्या लोकसभेवर गेल्या आणि १९७२ साली विमान अपघातात मृत्यू येईपर्यंत खासदार राहिल्या. माहेर एका प्रांतात, सासर दुसऱ्या प्रांतात, जन्माचे नाव एक, लोकांत नाव दुसरे. अशी स्त्री नामवंत घराण्यात आली म्हणून तिची नोंद राहिली. भिलाईतल्या हजारो सामान्य स्त्रियांची गोष्ट याच सांगाड्याची आहे. फक्त नोंदीची खात्री नाही.

नवे नाव, नवे गाव

सोव्हिएत सहकार्याने पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यानंतर सर्व प्रांतांतून माणसे येथे आली. नागपूर, भंडारा, वर्धा, अमरावतीकडची मराठी कुटुंबेही आली. पुरुषाला कारखान्यात नोकरी लागे, त्याच्या नावावर क्वार्टर मिळे, आणि मागाहून बायको येई. सेक्टर, स्ट्रीट आणि क्वार्टर क्रमांक हा तिचा पत्ता. पण तो कागदोपत्री नवऱ्याचा. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागले की कुटुंब सुपेला, रिसाली किंवा नेहरूनगरकडे हलते, कोणी नागपूरला परतते. प्रत्येक हलण्याबरोबर यादीतले नावही हलावे लागते. नवऱ्याचे नाव बहुधा हलते, कारण पेन्शन, बँक, गॅस यांच्या कागदांसाठी तो कचेऱ्यांत जातोच. तिचे मागे राहते.

यात आपल्या मराठी रीतीची भर पडते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिण्याची प्रथा आपल्याकडे होती. अनेक घरांत अजूनही आहे. आडनाव आणि मधले नाव तर बदलतेच, पुष्कळदा पहिले नावही बदलते. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर एक बाई आणि शिधापत्रिकेवर दुसरी बाई. हिंदी प्रदेशात 'मधले नाव' ही कल्पना नसल्याने तिसरा घोळ होतो : नवऱ्याचे नाव कधी तिच्या नावाला जोडले जाते, कधी गळते, आणि कधी आडनावाच्या जागी 'देवी' किंवा 'बाई' येते. दुर्ग जिल्ह्यात यादीच्या कामाशी माझा संबंध आला तेव्हा एकाच बाईची तीन कागदांवर तीन नावे आहेत, असे अर्ज नित्य समोर येत. एका सत्तरीच्या बाईंना मी विचारले, "यातले तुमचे नाव कोणते मानायचे ?" त्या म्हणाल्या, "वडिलांनी ठेवलेलं लिहा. पण ते कोणत्याच कागदावर नाही."

कायदा याकडे कसा पाहतो ? लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झालेली आणि त्या मतदारसंघात सामान्यतः राहणारी व्यक्ती यादीत येण्यास पात्र आहे. कलम १७ आणि १८ प्रमाणे एकाच व्यक्तीचे नाव दोन ठिकाणी असता कामा नये. कलम ३१ प्रमाणे खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे सगळे नियम वाजवी आहेत. पण सासरी आलेली मुलगी नवा अर्ज भरते तेव्हा तिचे माहेरचे नाव कोणी कमी केलेले असतेच असे नाही. आणि नवा अर्ज म्हणजे 'माझे नाव कोठेही नाही' असे निवेदन. अर्ज भरतो दुसराच कोणी, सही तिची, आणि जबाबदारीही तिची. या प्रसंगासाठी नवा मतदार म्हणून फॉर्म ६ न भरता स्थलांतरासाठीचा फॉर्म ८ भरावयाचा असतो, हे किती घरांत माहीत आहे ?

कायद्याच्या भाषेतही स्त्रीचे स्थान अलीकडेपर्यंत अडकलेले होते. सैन्यातील पुरुषाच्या 'पत्नी'ला सेवा मतदार म्हणून नोंदणी करता येई, पण स्त्री अधिकाऱ्याच्या पतीला करता येत नसे. २०२१ च्या दुरुस्तीने 'पत्नी' ऐवजी 'जोडीदार' या अर्थाचा शब्द आला. एका शब्दाला सत्तर वर्षे लागली.

ताजी परीक्षा

४ नोव्हेंबर २०२५ पासून छत्तीसगढसह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले. त्या मोहिमेवरील राजकीय वाद हा या लेखाचा विषय नाही. यादी स्वच्छ असावी, मृतांची व दुबार नावे जावीत, याविषयी कोणत्याही प्रशासकाचे दुमत असणार नाही. मला येथे फक्त कामाच्या रीतीविषयी बोलायचे आहे. मतदाराने २००२ ते २००४ या काळातील जुन्या यादीत आपले नाव दाखवावे, आणि ते नसेल तर आईवडिलांचे किंवा आजीआजोबांचे दाखवावे, अशी ती रीत होती. पुरुषाला हे सोपे होते. तो आणि त्याचे वडील बहुधा एकाच गावच्या यादीत. २००५ नंतर लग्न होऊन भिलाईत आलेल्या गोंदियाच्या मुलीला मात्र आपल्या वडिलांची नोंद दुसऱ्या राज्याच्या वीस वर्षांपूर्वीच्या यादीतून शोधावी लागली. मतदारसंघ, भाग क्रमांक, अनुक्रमांक, सगळे. माहेरी कोणी शोधून देणारे असेल तर ठीक. नसेल तर ?

१९३५ साली 'तू अमक्याची बायको असल्याचे दाखव' असा प्रश्न होता. आता 'तू अमक्याची मुलगी असल्याचे दाखव' असा आला. हेतू वेगळा आहे हे मी मान्य करते. पण दोन्ही वेळा बाईला आपल्या हक्कासाठी दुसऱ्या कोणाच्या तरी नोंदीचा आधार शोधावा लागला, आणि दोन्ही वेळा शोधण्याचे काम तिचे होते.

कोणी म्हणेल, एवढी चिंता कशाला ? १९६२ साली लोकसभेसाठी पुरुषांचे मतदान सुमारे ६३ टक्के आणि स्त्रियांचे ४७ टक्क्यांच्या आत होते; २०१९ साली स्त्रिया पुरुषांच्या किंचित पुढे गेल्या. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी छत्तीसगढच्या यादीत सुमारे १ कोटी २ लाख स्त्रिया आणि १ कोटी १ लाख पुरुष होते, आणि ९० पैकी १९ जागांवर स्त्रिया निवडून आल्या. हे सर्व खरे आहे आणि अभिमानास्पद आहे. ज्या समाजातील बायका रांगेत उभ्या राहणार नाहीत असे साउथबरो समितीला वाटले, त्यांनी शंभर वर्षांत हे करून दाखवले. पण मतदानाची टक्केवारी काढताना भागाकार होतो तो यादीतल्या नावांनी. जी यादीतच नाही ती अनुपस्थित म्हणूनही मोजली जात नाही. आणि २०२३ साली मंजूर झालेल्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभा-लोकसभेत एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवण्याचे ठरले असताना, यादी अचूक असण्याची गरज वाढलेली आहे.

काय करता येईल ?

यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. पुढील गोष्टी कोणताही जिल्हा आपल्या अधिकारात करू शकतो.

(१) घरातील स्त्रीची माहिती त्या स्त्रीलाच विचारावी. भिलाईच्या वस्त्यांत अंगणवाडी कार्यकर्त्या बीएलओचे काम करतात तेथे हे सहज साधते. बाई घरी नसेल तर पुन्हा जावे; शेजाऱ्याच्या तोंडी माहितीवर 'स्थलांतरित' असा शेरा मारू नये.

(२) विवाहानंतर नावातील बदल हा संशयाचा विषय न मानता अपेक्षित बदल मानावा. तिला कोणत्या नावाने मतदार व्हायचे आहे ते तिने सांगावे आणि बाकीच्या कागदांवरील नावांसाठी तिचे एक साधे निवेदन पुरेसे मानावे.

(३) दुसऱ्या राज्यातील जुनी नोंद शोधण्याचे काम कार्यालयाने करावे. याद्या शासनाच्याच आहेत. आपल्याच दप्तरातील कागद नागरिकाकडे मागणे ही जुनी प्रशासकीय खोड आहे.

(४) नाव वगळण्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी देणे कलम २२ नुसार बंधनकारक आहे. ती नोटीस तिच्या नावाने, तिच्या हातात आणि तिला कळणाऱ्या भाषेत द्यावी. कुटुंबप्रमुखाच्या हातात दिलेली नोटीस तिला मिळाली असे समजू नये.

(५) वगळलेल्या नावांची आकडेवारी स्त्री-पुरुषवार आणि कारणवार जाहीर करावी. ज्या प्रभागात वगळलेल्यांमध्ये स्त्रिया फार जास्त दिसतील तेथे वरिष्ठ अधिकाऱ्याने स्वतः जाऊन तपासणी करावी. आकडे वेगळे काढले नाहीत तर दोष दिसतच नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांनाही एक विनंती. गणेशोत्सवात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका मोठ्या संख्येने जमतात. तेथे एक टेबल मतदार यादीसाठी ठेवावे. प्रत्येकीने आपले नाव, त्याचे शुद्धलेखन आणि पत्ता तपासावा, नव्याने आलेल्या सुनांना फॉर्म ६ आणि फॉर्म ८ यांतला फरक समजावून द्यावा. आता वर्षातून चार अर्हता दिनांक असतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्यामुळे अठरा पूर्ण झालेल्या मुलीला वर्षभर थांबण्याचे कारण नाही. परदेशात राहणाऱ्या, भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या भगिनींना पारपत्रावरील पत्त्यावर फॉर्म ६अ भरून नाव नोंदवता येते. मत मात्र येथे येऊनच द्यावे लागते.

रमाबाई, हेराबाई, अनसूयाबाई यांनी हक्काची पहिली लढाई लढली, ती सभागृहात होती आणि तिच्या तारखा आपल्याला सांगता येतात. दुसऱ्या लढाईची तारीख नसते. ती दर पुनरीक्षणात, दर भाग क्रमांकात, एकेका दारात होत असते आणि तिथे शासनातर्फे उभा असतो एक बीएलओ. त्याला किंवा तिला पुरेसा वेळ, योग्य सूचना आणि मागे उभा राहणारा अधिकारी मिळाला, तर ते नाव यादीत येईल. हे पाहणे हेच आम्हा अधिकाऱ्यांचे काम आहे.